एक कप मैदा म्हणजे किती ग्रॅम?

‘एक कप म्हणजे २४० ग्रॅम.’ बेकिंग नव्याने शिकणाऱ्यांच्या वहीत हे वाक्य हमखास सापडतं, आणि अनेक केक तिथेच बिघडतात. २४० हा आकडा मिलिलिटरचा आहे. कपाने जागा मोजली जाते, वजन नाही. त्याच कपात पाणी साधारण २४० ग्रॅम, साखर २००, लोणी २२७, मध तब्बल ३४० ग्रॅम आणि मैदा मात्र १२० ते १२५ ग्रॅमच मावतो. म्हणजे कपाऐवजी २४० ग्रॅम मैदा घातला तर तो थेट दुप्पट झाला. दूध पाण्याच्या जवळपास भरतं, पण कपभर तेल सुमारे २२० ग्रॅमच असतं.

कप सगळीकडे सारखा असतो, हाही गैरसमजच. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५०चा आणि जपानचा २००चा. ऑस्ट्रेलियात मोठा चमचाही १५ऐवजी २० मिलिलिटरचा असतो. आपला चहाचा कप यातल्या कशातच बसत नाही.

खरी गफलत होते ती मैद्यात. ‘कप सपाट भरला की माप अचूक,’ असं बरेच जण मानतात. डब्यात मैदा दबून बसलेला असतो. कप थेट त्यात खुपसून वरून सपाट केला, तर तो १४० ते १५० ग्रॅम भरतो. तोच मैदा आधी ढवळून मोकळा केला, चमच्याने कपात हलकेच सोडला आणि सुरीच्या पाठीने सपाट केला, तर १२०-१२५. कप ओट्यावर आपटलात की पुन्हा वाढला. दोन कपांच्या केकमध्ये ही तफावत ६० ग्रॅमपर्यंत जाते. मग केक वरून तडकतो, आतून कोरडा लागतो आणि दोष ओव्हनवर जातो. पाककृतीत ‘चाळलेला एक कप मैदा’ म्हटलं असेल तर आधी चाळायचं, मग मोजायचं. ‘एक कप मैदा, चाळून’ असेल तर उलट. साखरेचे दाणे असे दबत नाहीत, तिथे एवढी काळजी नको.

मैद्याच्या या दबण्यामुळेच कपाचे ग्रॅम सांगणारे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. किंग आर्थर ही अमेरिकी पीठ कंपनी कपाला १२० ग्रॅम धरते, तर पाककृती तपासून देणारी अमेरिकाज टेस्ट किचन ही संस्था १४२. दोघांचीही चूक नाही. कप भरायची रीत वेगळी आहे. त्यामुळे पाककृती ज्यांची, त्यांचाच आकडा घ्या.

वाटीने मोजणं अडाणीपणाचं, असं म्हणणाऱ्यांशी मात्र मी अजिबात सहमत नाही. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा ही नानकटाई प्रमाणावर चालते. वाटी लहान घ्या की मोठी, ती एकच वापरली की प्रमाण टिकतं. अडचण येते ती अंडी आल्यावर. अंडं काही वाटीप्रमाणे लहानमोठं होत नाही. अमेरिकी पाककृतीतलं ‘लार्ज’ अंडं कवचाशिवाय सुमारे ५० ग्रॅमचं असतं. आपली अंडी लहान असली तर फोडून, फेटून वजनानेच घ्यावीत.

आणि शेवटचा गैरसमज काटा घेतलेल्यांचा: आता सगळं काट्यावरच. घरगुती काटा सहसा एकेक ग्रॅमच दाखवतो. अर्धा चमचा सोडा जेमतेम दोन-तीन ग्रॅम असतो, तिथे एका ग्रॅमची चूकही फार होते. सोडा, बेकिंग पावडर, मीठ ५ मिलिलिटरच्या मापाच्या चमच्यानेच घ्या, सपाट करून.

तुमच्या केकची कृती कुणी मागितली, तर निदान मैदा तरी ग्रॅममध्ये लिहून द्या.