सरपणाची पिकअप

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत झरी लागतं. या पट्ट्यात जंगल असं नाहीच. राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत परभणी मोडतो. इथलं झाड म्हणजे बांधावरची बाभूळ, गोठ्याजवळचा लिंब, विहिरीवरची चिंच आणि ओढ्याकाठची वेडी बाभूळ. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस वादळवारं घेऊन येतो आणि एका संध्याकाळीत यातली कितीतरी झाडं आडवी करून जातो. सकाळी शेतकऱ्याला पाणंद मोकळी करायची असते, गोठ्यावरची फांदी काढायची असते. अशा वेळी फोन जातो तो जुनी पिकअप बाळगणाऱ्याला.

पूर्वी हे काम बैलगाडीचं होतं. बैल कमी झाले आणि ते मालवाहू गाड्यांकडे गेलं. टाटांची 407 आली 1986 साली. पाऊण टन वाहणारा ‘छोटा हत्ती’ 2005 साली. महिंद्राची बोलेरो पिकअप तर खेड्यापाड्यांत घरचीच झाली. उमेदीच्या काळात अशी गाडी भाजी, दूध, खताची पोती वाहते. वय झालं, हौद्याचा पत्रा पिचला, दर वर्षी पासिंगला पैसे लागू लागले, की वेळेची बांधिलकी असलेलं भाडं तिच्याकडून सुटतं. सरपणाला मात्र घाई नसते. ओंडक्याने पत्रा खरचटला तरी कोणाचा जीव हळहळत नाही. म्हातारी गाडी आणि पडलेलं झाड यांचं असं जमून जातं.

पडलेलं झाड कापणं उभ्या झाडापेक्षा सोपं वाटतं. ते तसं नाही. आडव्या खोडाचा भार फांद्यांवर तोललेला असतो. चुकीच्या बाजूने करवत घातली तर ती फटीत आवळली जाते, किंवा ताणलेली फांदी सुटून अंगावर येते. मुळासकट उपटलेल्या लिंबाचं तर फारच जपून करावं लागतं. शेंड्याकडचं ओझं कापून हलकं केलं की मातीच्या गड्ड्यासह बुंधा अचानक उभा होऊन खड्ड्यात परत बसतो. म्हणून जाणता माणूस आधी झाडाभोवती फिरून बघतो, पोरांना खड्ड्यापासून लांब उभं करतो, आणि जवळपास विजेची तार पडलेली असेल तर महावितरणचा माणूस आल्याशिवाय कुऱ्हाड उचलत नाही.

आधी काटक्या-डहाळ्या निघतात. त्या बहुधा शेताच्या मालकिणीकडे जातात. मग फांद्या, शेवटी खोड. मशीनने दोन-अडीच फुटांचे ओंडके पाडतात. जाड ओंडका उचलायचा नसतो. फाळका उघडून दोन बल्ल्या तिरक्या लावायच्या आणि तो लोटत वर न्यायचा. जड माल केबिनच्या बाजूला, हलका मागे. सगळं वजन मागे गेलं तर पाटे बसतात आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग हाताला लागत नाही. काळ्या मातीचं गणित आणखी वेगळं. ती कोरडी असेपर्यंत गाडी बांधापर्यंत जाते. एक सर पडली की चाकांना चिखलाचे गोळे धरतात. त्यामुळे हा सगळा उद्योग मृगाच्या आत उरकायचा.

ओलं लाकूड जवळजवळ अर्धं पाणीच असतं. चुलीत घातलं तर बरीच आच ते पाणी वाळवण्यात जाते आणि घरात धूर कोंडतो. म्हणून फोडून, हवा खेळेल असं रचून, वरून झाकून ते पुढच्या हिवाळ्यापर्यंत ठेवतात. वाळलं की तोंडाला भेगा पडतात आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणटणीत वाजतात. ओल्या असल्या तर बद्द आवाज येतो. बाभळीचा निखारा टिकतो, चिंचेची आच कडक, पांगारा भसकन जळून जातो. वड, पिंपळ, औदुंबर चुलीत घालायचा नाही, हा संकेत आजही पाळला जातो.

उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली, गॅस घरोघर पोचला. तरी ज्वारीची भाकरी, न्हाणीचं पाणी, लग्नाची पंगत आणि अखेरची चिता यांना लाकूड लागतंच. साध्या चुलीत लाकडाची जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला मिळते. त्या हिशेबाने 14.2 किलोच्या एका सिलिंडरचं काम करायला वाळलेलं लाकूड दोन क्विंटलांच्या आसपास लागतं. ज्या घरात सिलिंडर भरून आणणं दर वेळी परवडत नाही, तिथे हे ओझं बाईच्या डोक्यावर येतं. पिकअपची एक खेप अशा घरांच्या किती पायपिटी वाचवते, हे त्या बायांनाच विचारावं. कापसाच्या शेतातून पऱ्हाट्या तरी मिळायच्या. सोयाबीनने तोही आधार कमी केला.

पण या कामाची अब्रू एका गोष्टीवर टिकून आहे: विचारून उचलणं. बांधावरचं झाड शेतकऱ्याचं, रस्त्याकडेचं सरकारचं, वनातलं वन खात्याचं. महाराष्ट्रात 1964 पासून वृक्षतोडीचा कायदा आहे. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, चंदन अशी त्याच्या यादीतली झाडं खाजगी रानातलीही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. म्हणून वाऱ्याने पडलेल्या झाडाचाही फोटो काढावा, पंचनामा करून घ्यावा आणि वाहतुकीचे कागद गाडीत ठेवावेत. पडलेल्याच्या नावाखाली उभं झाड हौद्यात चढलं, तर तो धंदा राहत नाही, चोरी होते.

आणि चोरी न करताही हा धंदा संपू शकतो. ट्रॅक्टरला वळायला जागा हवी, पिकावर सावली नको, म्हणून बांध बोडके होत चालले आहेत. रस्ते रुंदावताना कडेच्या जुन्या झाडांवर कुऱ्हाड पडते. वाऱ्याने पडायला आधी कोणीतरी झाड वाढवलेलं असावं लागतं. आज पिकअपमध्ये चढणारा लिंब आजोबांच्या पिढीने राखलेला असतो. आपल्या नातवंडांसाठी बांधावर काय उभं आहे, याचा हिशेब आपणच द्यायचा आहे.

बांधावर झाड उभं करायला पैसाही फारसा लागत नाही. शेळीने शेंगा खाल्ल्या की लेंडीतून पडलेलं बाभळीचं बी चांगलं उगवतं. पावसाळ्याच्या तोंडावर ते बांधावर टोचावं, पहिली दोन वर्षं जनावरांपासून राखावं. झरीच्या शिवारात काय किंवा तुमच्या गावात काय, पडलेलं झाड घेऊन जाणाऱ्याला एक अट घाला: एक खेप भरली, तर त्याच बांधावर पाच रोपं लावून जायची.