मोगलीचा आवाज आणि चिंटूचे केस

कार्टूनवरून हाडामांसाच्या कलाकारांचा चित्रपट निघतो तेव्हा प्रेक्षक त्याला दोन प्रश्न विचारतात. गोष्ट नीट सांगितली आहे का, हा पहिला; आणि आपल्या ओळखीची पात्रे तशीच आहेत का, हा दुसरा. पहिला प्रश्न कुठल्याही चित्रपटाला विचारला जातो. दुसरा याच जातीच्या चित्रपटांच्या वाट्याला येतो आणि बहुतेक वेळा निकाल त्यावरच लागतो. चित्रपट चांगला असूनही ‘आमचा हा नव्हे’ असे म्हणत लोक बाहेर पडतात, तर साधारण चित्रपटही एखाद्या ओळखीच्या लकबीमुळे लाडका होतो. महाराष्ट्रात ही ओळख डोळ्यांइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, कानांनी पटवली जाते. असे का, ते ‘जंगल बुक’च्या प्रवासात स्पष्ट दिसते.

रडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईत, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात झाला. त्यांचे ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले शिवनीचे जंगल नागपूर जिल्ह्याला लागूनच आहे आणि आजचे पेंच अभयारण्य मध्य प्रदेश व महाराष्ट्र अशा दोन्ही राज्यांत पसरले आहे. डिस्नेने या पुस्तकावर कार्टूनपट काढला तो १९६७ मध्ये. जगभर ‘अभिजात कार्टून’ म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. मराठी घरांत पोहोचलेला मोगली मात्र वेगळा होता. जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने १९८९ मध्ये सुरू केलेली ५२ भागांची मालिका हिंदी रूपात १९९३ पासून दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागू लागली. शीर्षकगीत गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज यांची आणि शेरखानला आवाज नाना पाटेकर यांचा. मुरूड-जंजिऱ्याच्या या नटाचा खरखरीत, दाबून धरलेला स्वर त्या पिढीच्या कानांत वाघाचा आवाज म्हणून कायमचा बसला.

दिग्दर्शक जॉन फॅवरो यांचा ‘द जंगल बुक’ भारतात ८ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला, अमेरिकेच्या आठवडाभर आधी. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला भारतीय वंशाचा नील सेठी त्यात मोगली होता. बाकीचे जवळजवळ सगळे, म्हणजे प्राणी आणि जंगलही, संगणकावर घडवलेले होते. चित्रीकरण लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत झाले होते. या कामाला पुढे दृश्य परिणामांचे ऑस्कर मिळाले. हिंदी आवृत्तीसाठी वितरकांनी आवाजांची निवड फार विचारपूर्वक केली होती. बघीरा ओम पुरींचा, भालू इरफान खान यांचा, का अजगर प्रियांका चोप्रांचा, लांडगी रक्षा शेफाली शाह यांची आणि शेरखान पुन्हा नाना पाटेकरांचा. प्रसिद्धीसाठी दूरदर्शनचे जुने गाणेही नव्याने ध्वनिमुद्रित केले गेले. लहानपणी ती मालिका पाहिलेले, आता स्वतःच्या मुलांना घेऊन आलेले प्रेक्षक या चित्रपटाबद्दल बोलताना आधी नानांचा शेरखान आणि ते गाणे यांचीच आठवण काढत. इरफान यांच्या पंजाबी वळणाच्या, ऐदी, मिश्कील भालूवरही लोक खूश झाले. तोवर भारतात आलेल्या हॉलिवूडपटांत सर्वाधिक कमाई याच चित्रपटाने केली.

नापसंतीही होती आणि तिची कारणे ऐकण्यासारखी आहेत. दूरदर्शनच्या मालिकेतला का हा मोगलीचा शहाणा, वडीलधारा मित्र होता. नव्या चित्रपटातली का मात्र पोराला भुलवून गिळू पाहते. ‘का असा कसा झाला?’ हा प्रश्न तिशीतल्या प्रेक्षकांना पडणे स्वाभाविक होते. गंमत अशी की किपलिंगच्या पुस्तकातही का मोगलीच्या बाजूनेच असतो. त्याला खलनायक केले ते डिस्नेच्या १९६७ च्या कार्टूनने आणि फॅवरोंनी तोच धागा पुढे नेला. म्हणजे ‘मूळ बदलले’ ही तक्रार जपानी मालिकेच्या आठवणीतून आली असली, तरी पुस्तकाच्या दृष्टीने ती रास्त होती. मालिकेतल्या मोगलीचे बूमरँगही लोकांनी शोधले आणि ते सापडले नाही. ते पुस्तकात नव्हतेच, जपानी लेखकांनी दिलेले होते. शेवटाबद्दलही दोन मते पडली. १९६७ च्या कार्टूनमध्ये मोगली पाणी भरणाऱ्या मुलीमागे गावात जातो, २०१६ मध्ये तो जंगलातच राहतो. पुष्कळांना हा नवा शेवट आवडला, कारण जंगल हेच त्याचे घर ही भावना मालिकेने आधीच रुजवली होती. राजा लुई या वानराचा केलेला बदल मात्र फारसा कोणाला खटकला नाही. ओरांगउटान भारतात आढळत नाही म्हणून निर्मात्यांनी त्याच्या जागी जायगँटोपिथेकस हा नामशेष झालेला महाकाय कपी आणला होता.

पालकांच्या मतांत आणखी एक विषय मिसळला. चित्रपट प्रमाणन मंडळाने या चित्रपटाला यू/ए प्रमाणपत्र दिले. त्रिमितीमुळे प्राणी अंगावर झेपावल्यासारखे वाटतात आणि लहान मुले घाबरतील, असे तत्कालीन अध्यक्ष पहलाज निहलानी यांचे म्हणणे होते. त्यावर बरीच टीका झाली. ‘मोगलीला कसली भीती?’ असे म्हणणाऱ्यांच्या मनात जुन्या मालिकेतली सपाट, रंगीत चित्रे होती. त्या चित्रांतला वाघ आणि केसन् केस दिसणारा, अंधारातून पुढे येणारा वाघ यांत फरक आहेच. एवढ्या बाबतीत तरी मंडळाची काळजी अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

चित्रपट इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा चार भाषांत आला. मराठीत आला नाही. पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूर पट्ट्यात याचा अर्थ नीट कळतो. सालवड, पास्थळ, कुंभवली, सरावली ही गावे तारापूर औद्योगिक वसाहतीच्या अंगाला आहेत. कारखान्यांमुळे आणि अणुवीज केंद्रामुळे देशभरातली कुटुंबे इथे स्थायिक झाली. शाळेत आणि चाळीत मुलांची खेळण्याची भाषा सहजच हिंदीकडे झुकते. अशा ठिकाणी हिंदी मोगली कोणालाच परका वाटत नाही. तरीही मुंबईत जन्मलेल्या लेखकाच्या, नागपूरच्या शेजारच्या जंगलातल्या या गोष्टीचा शेरखान मराठी नटाच्या तोंडून मराठीत बोललेला एकाही मुलाने मोठ्या पडद्यावर ऐकला नाही, ही उणीव खरीच आहे. मराठी प्रेक्षकाचे मत आवाजाभोवती फिरते याचे कारण इथेच सापडते. त्याला चित्र जगाचे मिळाले, आपलेपणा मिळाला तो फक्त आवाजातून.

‘द लायन किंग’च्या बाबतीत हे पुन्हा दिसले. १९९४ च्या कार्टूनवरून फॅवरोंनीच २०१९ मध्ये केलेला हा चित्रपट ‘लाइव्ह-अ‍ॅक्शन’ म्हणवला जात असला तरी त्यातले प्राणी आणि जवळजवळ सगळा परिसर संगणकाचेच आहेत. त्याच्याविरुद्धची मुख्य तक्रार जगभर एकच होती: सिंह इतके खरे झाले की त्यांचे चेहरे बोलेनासे झाले. रेघांनी काढलेला सिंह भुवया उंचावतो, ओठ मुडपतो. खऱ्या सिंहाला ते जमत नाही. बापाच्या मृत्यूचा प्रसंग त्यामुळे अनेकांना कोरडा वाटला. हिंदीत ही उणीव काही अंशी भरून निघाली. मुफासा शाहरुख खान आणि सिंबा त्यांचा मुलगा आर्यन ही बापलेकांची जोडी आणि श्रेयस तळपदे व संजय मिश्रा यांचे टिमॉन-पुंबा प्रेक्षकांना भावले. अमेरिकेत समीक्षकांची मते निम्मी-निम्मी विभागली गेली. पहिल्याच दिवशी चित्रपटगृहाबाहेर प्रेक्षकांकडून पत्रिका भरून घेणाऱ्या सिनेमास्कोअरच्या पाहणीत मात्र त्याला ‘ए’ श्रेणी मिळाली. २०२३ च्या ‘द लिटल मर्मेड’ला तर हॅली बेली या कृष्णवर्णीय गायिकेच्या निवडीवरून प्रदर्शनाआधीच विरोध झाला, चित्रपट पाहून आलेल्यांनी त्यालाही ‘ए’ दिली. झलक पाहून बनलेले मत आणि चित्रपट पाहून बनलेले मत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे अशा चित्रपटांची चर्चा वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

मराठीचे स्वतःचे उदाहरण आहे ‘चिंटू’. चारुहास पंडित यांची चित्रे आणि प्रभाकर वाडेकर यांच्या कल्पना यांतून ही चित्रमालिका २१ नोव्हेंबर १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये सुरू झाली. सकाळी वर्तमानपत्र उघडून आधी चिंटू पाहायचा, ही अनेक घरांची सवय होती. त्यावरून श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ च्या उन्हाळी सुट्टीत चित्रपट आणला. शुभंकर अत्रे चिंटू, सुबोध भावे पपा, विभावरी देशपांडे आई. संदीप खरे यांची गाणी आणि सलील कुलकर्णी यांचे संगीत होते.

इथला पेच मोगलीच्या उलट होता. छापील चिंटूला आवाज नव्हता. प्रत्येक वाचकाने त्याला आपल्या घरातल्या एखाद्या द्वाड पोराचा आवाज मनोमन दिलेला होता. पडद्यावरच्या एका मुलाने त्या सगळ्या आवाजांची जागा घ्यायची, ही अपेक्षा फार मोठी होती. शिवाय चिंटूचे ते ताठ उभे, टोकदार केस! रेघेत ते गोड दिसतात. खऱ्या डोक्यावर ते बसवायचे कसे? चिंटूचा विनोद तीन-चार चौकटींत उगवतो आणि तिथेच संपतो. दोन तासांच्या चित्रपटाला मात्र कथानक लागते. म्हणून मुलांचे खेळाचे मैदान बळकावले जाते आणि ती ते परत मिळवायला झटतात, अशी गोष्ट रचली गेली. रोजच्या छोट्या हशाची सवय असलेल्या मोठ्या वाचकांना ही गोष्ट जरा लांबलेली वाटू शकते. पण मैदाने गिळंकृत होताना रोज पाहणाऱ्या मुलांसाठी तो अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे आणि तो निवडण्यात लेखकांची जाण दिसते. पुढच्याच वर्षी ‘चिंटू २’ आला, यावरून पहिल्याचे स्वागत कसे झाले असेल याचा अंदाज येतो.

अलीकडचा आणखी एक प्रयोग ‘छोटा भीम’चा. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशनने २००८ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेवर ‘कर्स ऑफ दमयान’ हा कार्टूनपट मे २०१२ मध्ये आला होता. त्याच कथेवर राजीव चिलका यांनी मे २०२४ मध्ये खऱ्या कलाकारांचा चित्रपट केला. यज्ञ भसीन भीम, अनुपम खेर गुरु शंभू आणि स्कंधीच्या भूमिकेत मकरंद देशपांडे. ‘जंगल बुक’ला लाभलेला प्रतिसाद या चित्रपटाला मिळाला नाही. मोगली परतला तेव्हा दूरदर्शनची मालिका सुरू होऊन दोन दशके उलटली होती आणि आठवण मऊ झाली होती. भीम मात्र रोज दूरचित्रवाणीवर दिसतच होता. सकाळी चित्रातला भीम लाडू खाऊन दगड उचलताना पाहिलेले मूल दुपारी चित्रपटगृहात बसले, तर त्याच्याजवळ तुलनेला जुनी आठवण नसते. आजचाच भाग असतो. एवढ्या जवळच्या तुलनेत तारेवर लटकून उडी मारणारा मुलगा रेघांच्या भीमापुढे कमी पडतो, आणि मुले ते तिथल्या तिथे, मोठ्याने सांगून टाकतात.