मोरपिसांच्या टोपाखालचा चेहरा

आश्विन पौर्णिमा उलटली की आदिलाबादच्या डोंगराळ पट्ट्यातून राजगोंडांच्या दंडारी निघतात. एका गावचे पुरुष ढोल, तुडुम आणि पेपऱ्याच्या सुरात नाचत दुसऱ्या गावी जातात, तिथे पाहुणचार घेतात, रात्र जागवतात आणि परततात. दिवाळीपर्यंत हा क्रम चालतो. अनेक सोयरिकींची पहिली बोलणीही याच मुक्कामांत होतात. या मेळ्यात सर्वांत उठून दिसतात ते घुसाडी. सरकारी कागदोपत्री आणि तेलुगू वृत्तपत्रांत त्यांना ‘गुस्साडी’ म्हणतात. डोक्यावर मोरपिसांचा भव्य टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडे, हातात दंडुका. टोप चढला की त्या तरुणाच्या अंगी देवत्व आले असे मानतात आणि सण संपेपर्यंत तो स्नान करीत नाही. सोबत स्त्रीवेषातले तरुणही असतात. थट्टामस्करी, सोंगे आणि पूजा यांची सरमिसळ तिथे सहज चालते.

गेल्या काही वर्षांत या मेळ्यांभोवती कॅमेऱ्यांची गर्दी वाढली आहे. गोव्यात माशेलच्या चिखलकाल्यात किंवा सांजावला विहिरीत उड्या मारणाऱ्या पोरांभोवती जशी दाटी होते, तशीच. घुसाडी दिसतोही असा की छायाचित्र बिघडवणे अवघड! मात्र अशा बहुतेक छायाचित्रांत टोप असतो, राख असते, झेप असते. त्या टोपाखाली असलेला विशीतला मुलगा नसतो. त्याचे नाव, गाव, तो कापूस वेचून आला की महाविद्यालयातून सुटीला आला, यातले काहीही चौकटीत शिरत नाही.

आदिलाबाद हा तेलंगणाचा उत्तर टोकाचा जिल्हा. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ लागते. त्यामुळे मराठी इथे पाहुणी नाही. गोंडी, तेलुगू आणि मराठी एकाच बाजारात ऐकू येतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. घुसाडीचे माहेर मानले जाणारे मारलवाई हे गाव त्या विभागणीत कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले.

याच मारलवाईत १९४० च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ पत्नी एलिझाबेथसह राहिला. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो भारतात होता आणि इंग्रज सरकारच्या लेखी तो शत्रुराष्ट्राचा नागरिक होता. निजामाच्या राज्यात राहण्याची मुभा मिळाल्याने तो गोंडांमध्ये पोहोचला. कुमरम भीम जोडेघाटला मारला गेल्यानंतरचा तो काळ. ‘द राजगोंड्‌स ऑफ आदिलाबाद’ हे त्याचे पुस्तक १९४८ मध्ये आले. पुस्तकाइतकेच मोलाचे आहेत ते त्याचे फोटो. हायमेंडॉर्फची दृष्टी आपल्या काळाची होती. माणसाकडे जमातीचा नमुना म्हणून पाहण्याची तेव्हाची सवय त्याच्याही लेखनात आढळते. तरीही तो तिथे राहिला, भाषा शिकला, १९७० च्या दशकात पुन्हा परतला. एलिझाबेथचे १९८७ मध्ये हैदराबादला निधन झाले आणि तिची समाधी मारलवाईतच आहे. सणापुरते येऊन जाणाऱ्याला जे दिसत नाही, ते मुक्कामाने दिसते.

तरुणांच्या टोळ्या, त्यांचे वेष आणि त्यांचे नियम हा जगभरच्या छायाचित्रकारांचा जुना विषय आहे. अमेरिकेच्या ब्रूस डेव्हिडसनने १९५९ मध्ये ब्रुकलिनमधल्या ‘जोकर्स’ नावाच्या टोळीसोबत महिने घालवले, तेव्हा गुंड म्हणून हिणवली जाणारी ती मुले किती एकाकी होती हे त्याच्या चित्रांतून दिसले. त्याहून शिकण्याजोगे उदाहरण आफ्रिकेतल्या मालिक सिदिबेचे. माली देश १९६० मध्ये स्वतंत्र झाला आणि राजधानी बामाकोत तरुण मंडळांच्या नाचपार्ट्यांना ऊत आला. सिदिबे रात्रभर त्यांत हिंडे, चित्रे धुऊन काढी आणि स्टुडिओबाहेर लावून ठेवी. मुले येत, स्वतःला शोधत, आवडलेली प्रत विकत घेत. ही चित्रे आधी बामाकोच्या पोरांची झाली. युरोपच्या दालनांनी त्यांची दखल कितीतरी वर्षांनी घेतली आणि २००७ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकीने सिदिबेला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला.

महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातल्या जव्हारला असाच एक प्रयोग झाला. तिथल्या कोकणा आणि वारली समाजांत बोहाड्याची परंपरा आहे. कागदाच्या लगद्याचे देवादिकांचे मुखवटे घालून सोंगे नाचवतात. बोहाड्याचे फोटो काढून मोकळे होणे गौरी गिल यांना सहज शक्य होते. त्यांनी भगवान आणि सुभाष कडू या मुखवटेकार बंधूंना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितले: माणसांचे भाव, पशुपक्षी, नित्याच्या वस्तू. मग ते मुखवटे घालून गावकऱ्यांनीच रोजचे प्रसंग उभे केले. ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ नावाची ही मालिका २०१७ मध्ये डॉक्युमेंटा या जर्मनीतल्या प्रदर्शनात आणि पुढल्या वर्षी न्यूयॉर्कला दाखवली गेली. मुखवटा झाकतो तो चेहरा. इथे मात्र त्याच्या आडून एका गावाचे आजचे आयुष्य बोलू लागले.

घुसाडीच्या वाट्याला असा कॅमेरा अजून फारसा आलेला नाही. मान आला तो नाचाला. मारलवाईच्या कनकराजू यांनी हयातभर तरुणांना घुसाडी शिकवला, १९८० च्या दशकाच्या आरंभी तो दिल्लीपर्यंत नेला, आणि २०२१ च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. व्यासपीठावरच्या घुसाडीला वेळेची मर्यादा असते, स्नानाची बंदी नसते, सोयरिकीची बोलणी नसतात. तेवढ्यावरून नाच खोटा ठरवणे अन्यायाचे होईल. पण गावच्या दंडारीत आणि सरकारी समारंभात टिपलेला घुसाडी फोटोत सारखाच दिसतो, आणि पाहणाऱ्याला फरक कळण्याची सोय नसते. ती सोय मथळा करू शकतो, आणि नेमका मथळ्यावरच सर्वांत कमी वेळ खर्च होतो.

मोबाइल आता दंडारीतल्या पोरांच्याही हाती आहे. टोप बांधण्याआधीची लगबग, राख फासताना एकमेकांना दिलेले टोमणे, वाटेवरची दमणूक ही बाहेरच्याला न मिळणारी दृश्ये त्यांना सहज मिळतात. ती पडद्यावर दिवसभर तरंगतात आणि वाहून जातात. कुठे साठवायची, कोणी जपायची, याची व्यवस्था गावाजवळ असायला हवी.

हायमेंडॉर्फचा संग्रह लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेत आहे. त्यातली बरीच छायाचित्रे इंटरनेटवर पाहता येतात. उटनूरच्या मुलालाही फोनवर उघडता येतात. नोंदी मात्र इंग्रजीत आहेत. त्या चित्रांत नाचणारा कोण, ढोल वाजवणारा कोणाचा आजा, हे सांगू शकणारी माणसे मारलवाईत आणि आसपासच्या पाड्यांतच सापडतील. तेव्हा अंगणात उभी असलेली पोरे आज असलीच तर ऐंशी-नव्वदीची आहेत. कनकराजू ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले.