फळ्यावरची आकृती आणि हातातला वाल

आरंभी एक साधा प्रश्न विचारतो. मोड आलेले वाल आपण सर्वांनी पाहिले आहेत. डाळिंब्यांची उसळही आवडीने खाल्ली आहे. मग सांगा पाहू, वालाला मोड नेमका कुठून येतो? पाठीकडून, की त्या पांढऱ्या काठाच्या टोकाजवळून? तोंडी विचारलं तर आपण ‘येतो कुठून तरी’ म्हणून सुटतो. पण हातात पेन्सिल दिली की सुटका नाही. रेघ कुठून तरी सुरू करावीच लागते. आणि तिथेच कळतं, की आपण वाल खाल्ला पुष्कळ, पाहिला नाही!

वर्गात चित्राचा उपयोग आहे तो हा. चित्रकलेच्या तासाला सौंदर्याचा विचार असतो, तो योग्यच आहे. पण विज्ञानाच्या किंवा भूगोलाच्या तासाला चित्र काढायचे ते मुलाला काय समजले आणि काय नाही, हे त्याला स्वतःला आणि आपल्यालाही दिसावे म्हणून.

मी पुष्कळ वर्षे याच्या उलट करीत आलो. बी रुजण्याचा धडा आला की फळ्यावर रंगीत खडूंनी सुबक आकृती काढायची आणि मुलांनी ती उतरवून घ्यायची. चाळीस वह्या, चाळीस सारख्या आकृत्या. तपासायला किती सोप्या! एकदा एका मुलाने मूळ बियाच्या वरच्या अंगाने निघून खाली वळलेले दाखवले. मी लाल फुली मारली. दुसऱ्या दिवशी तो काचेचा पेला घेऊन आला. आत ओला टीपकागद, आणि काचेला टेकून वाल. म्हणाला, “गुरुजी, माझा वाल उलटा बसला होता. मूळ वर निघालं, मग आपणहून खाली वळलं.” बी कसेही पडो, मूळ जमिनीकडेच वळते, हा धड्यातला मुख्य मुद्दा. तो वर्गात एकट्याने पाहिला, आणि फुली मिळाली ती त्यालाच.

तेव्हापासून मी क्रम बदलला. धडा शिकवण्यापूर्वी मुलांना मनाने चित्र काढायला सांगतो. मग प्रत्येकाच्या हाती रात्रभर भिजवलेला वाल देतो. साल काढायची, दोन डाळी अलगद उघडायच्या, मधला इवलासा अंकुर पाहायचा आणि पहिल्या चित्राशेजारी दुसरे काढायचे. पहिले खोडायचे नाही. दोहोंत काय बदलले, ते एका वाक्यात लिहायचे. भागांची नावे मी सर्वांत शेवटी सांगतो. गुण देत नाही, “ही रेघ इथे का?” एवढंच विचारतो.

आपण म्हणाल, ज्याला चित्र येत नाही त्याने काय करावे? कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना साधे शब्द दिले. काही पुन्हा पुन्हा लिहायचे, काहींचे चित्र काढायचे. चित्र काढलेले शब्द अधिक लक्षात राहिले, आणि चित्र चांगले की वाईट याने फारसा फरक पडला नाही. कारण उघड आहे. चित्र काढताना वस्तू आठवावी लागते, तिचे भाग जुळवावे लागतात, हातही चालतो. नुसते उतरवून घेताना यातले फार थोडे घडते.

स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालला लहानपणी चित्रकार व्हायचे होते. वडिलांनी वैद्यकाकडे वळवले. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याने मज्जापेशींची चित्रे काढली आणि मज्जासंस्था सुट्या पेशींची बनलेली आहे, हे मांडले. १९०६ च्या नोबेल पारितोषिकात तो वाटेकरी झाला. त्याची पेन्सिल त्याच्या डोळ्यांबरोबरच काम करीत होती.

आपल्या वर्गातून काहाल निघेल न निघेल. पण उद्या एखादी आकृती फळ्याहून वेगळी दिसली, तर लाल पेन्सिल जरा बाजूला ठेवा. आधी त्या मुलाला विचारा, “बाळ, तू काय पाहिलंस?”