जुन्या मोटारीचे इंजिन वारंवार का तापते?

मोटार ही आता केवळ शहरातील चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूरच्या शाळेवर जाणारे शिक्षक, तालुक्याच्या ठिकाणी कामानिमित्त फेऱ्या घालणारे पंचायत सदस्य, शेतमाल बाजारात नेणारे शेतकरी अशा अनेकांना ती गरजेची झाली आहे. नवी मोटार परवडत नाही, म्हणून वापरलेली मोटार घेतली जाते. अडीअडचणीला, विशेषतः रात्री-अपरात्री रुग्णाला दवाखान्यात पोहोचविण्यासाठी, गावात हीच मोटार उपयोगी पडते. अशा वेळी ती घाटात बंद पडली, तर हानी केवळ पैशांची होत नाही.

जुन्या मोटारींच्या तक्रारींत इंजिन पुनःपुन्हा तापण्याची तक्रार नित्याची आहे. तिचा क्रमही बहुधा ठरलेला असतो. चढावर तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकतो. गॅरेजमध्ये पाणी भरून दिले जाते. आठ-दहा दिवसांनी तेच घडते. मग रबरी नळी बदलली जाते, नंतर रेडिएटर धुतला जातो, पुढे थर्मोस्टॅटच काढून टाकला जातो. अखेरीस इंजिनाचे हेड वाकते आणि साध्या दुरुस्तीच्या कित्येक पट खर्च करावा लागतो. प्रत्येक वेळी लक्षणावर उपाय होतो, कारण मात्र तसेच राहते. हे कारण कसे शोधावे, याची माहिती मोटार वापरणाऱ्या प्रत्येकाला असणे अगत्याचे आहे.

उष्णता कोठे जाते?

इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेपैकी स्थूलमानाने एक-तृतीयांश ऊर्जाच चाके फिरविण्याच्या कामी येते. उरलेली उष्णता काही अंशी धुरावाटे बाहेर पडते, तर काही अंशी इंजिनाभोवती खेळणाऱ्या द्रवावाटे रेडिएटरकडे नेली जाते. वॉटर पंप हा द्रव फिरवितो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना तो वाऱ्याने व पंख्याने थंड होतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट द्रवाची रेडिएटरकडे जाणारी वाट अडवून धरतो आणि साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ती मोकळी करतो.

रेडिएटरचे झाकण हा दिसण्यात क्षुल्लक, पण महत्त्वाचा भाग होय. ते आतील दाब टिकवून धरते. सुमारे एक वातावरणाइतका अधिक दाब असल्यास १०० अंशांना उकळणारे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची रबरी चकती झिजली की दाब टिकत नाही व द्रव लवकर उकळू लागतो. थोड्या पैशांचे हे झाकण तपासल्याशिवाय मोठी दुरुस्ती हाती घेणे शहाणपणाचे ठरत नाही.

विहिरीचे पाणी आणि खवले

महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. ते तापले की त्यातील क्षार वेगळे होतात आणि चहाच्या भांड्याच्या तळाशी बसावेत तसे इंजिनाच्या आतील भिंतींवर व रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. हे खवले उष्णता रोखून धरतात. शिवाय नुसत्या पाण्याने लोखंड गंजते व ॲल्युमिनियमची झीज होते. म्हणून उत्पादकाने सांगितलेले कूलंट व ऊर्ध्वपातित पाणी योग्य प्रमाणात मिसळून वापरावे आणि ठरलेल्या मुदतीत बदलावे. अनेक कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकोल चवीला गोडसर, पण विषारी असते. बाहेर काढलेले कूलंट मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे. ते ओढ्यात अथवा विहिरीजवळ ओतू नये.

मोटार केव्हा तापते, हे पाहावे

रोगाचे निदान करताना वैद्य ताप केव्हा चढतो हे विचारतो. इंजिनाच्या बाबतीतही तसेच करावे. गर्दीत मोटार हळू चालत असता इंजिन तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष बहुधा पंख्यात, त्याच्या मोटरीत किंवा विद्युत जोडणीत असतो. उलट वेगात वा चढावर ते तापत असेल, तर रेडिएटर तुंबलेला असणे किंवा पंपाची पाती झिजलेली असणे संभवते. सुरू केल्यावर थोड्याच वेळात इंजिन तापले आणि रेडिएटरच्या खालच्या बाजूची नळी मात्र थंडच राहिली, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असावा. तो बदलावा, काढून टाकू नये. त्यावाचून इंजिन योग्य तापमानाला येण्यास उशीर होतो, इंधन अधिक जळते व झीज वाढते.

बाहेर कोठेही गळती नसताना द्रव कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. इंजिन गरम झाल्यावरही धुराड्यातून पांढरी वाफ येत राहणे, तेलाला दुधाळ रंग येणे, द्रवाच्या टाकीत सतत बुडबुडे उठणे ही त्याची लक्षणे होत. अशी मोटार चालवीत राहू नये. गॅस्केट बदलताना हेडचा पृष्ठभाग सपाट आहे किंवा नाही, हे मोजून घेण्याचा आग्रह धरावा. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट बसविल्यास तक्रार पुन्हा उद्भवते.

वाटेत काय करावे?

काटा वर चढू लागताच वातानुकूलन बंद करावे, मोटार सुरक्षित जागी थांबवावी व इंजिन बंद करावे. निदान अर्धा तास, इंजिन पुरते निवेपर्यंत, झाकण उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी उसळून तोंड व हात भाजतात. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. द्रव पूर्णपणे गळून गेल्यास काटा खरे तापमान दाखवीलच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे.

खरेदीपूर्वीची दक्षता

वापरलेली मोटार शक्यतो सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. झाकण उघडून द्रवाचा रंग पाहावा. तो गंजासारखा तांबूस असेल तर सावध व्हावे. नंतर मोटार चढावर चालवून पाहावी आणि माहीतगार मेकॅनिककडून तपासून घ्यावी.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष करू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाची माहिती नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाची असते. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच मालक म्हणून अपघाताच्या भरपाईस जबाबदार राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. तिची किती मुदत उरली आहे, हेही पाहावे.

नोंदवहीचे महत्त्व

सरकारी वाहनास जशी नोंदवही असते, तशी एक साधी वही घरच्या मोटारीसाठीही ठेवावी. किती किलोमीटरला द्रव भरला, किती भरला, इंजिन कोठे व कोणत्या स्थितीत तापले, कोणता भाग केव्हा बदलला, एवढी नोंद पुरेशी आहे. ही वही हाती असली म्हणजे मेकॅनिकला अंदाजाने एकामागून एक भाग बदलावे लागत नाहीत आणि मालकालाही झालेल्या खर्चाचा हिशेब विचारता येतो. वारंवार उद्भवणाऱ्या दोषाचे मूळ बहुधा अशा नोंदींतूनच सापडते. ते वेळीच सापडले, तर जुनी मोटारही गावाच्या गरजेला पुष्कळ काळ विश्वासाने उपयोगी पडू शकेल.