कांदा निर्यातधोरण, परदेशातील संघर्ष व मतदान : ओझर परिसराच्या संदर्भात

विघ्नहराचे ओझर हे कुकडीकाठचे गाव शिरूर लोकसभा मतदारसंघात मोडते. कांदा व द्राक्षे ही जुन्नर तालुक्यातील महत्त्वाची नगदी पिके होत. भाववाढ रोखण्यासाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले व ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी केली. ग्राहकाला दिलासा देणाऱ्या या निर्णयाचा भार उत्पादकावर पडला. त्याच सुमारास तांबड्या समुद्रातील हुथी हल्ल्यांमुळे युरोपकडे जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. द्राक्षांसारख्या नाशवंत मालाच्या बाबतीत असा विलंब म्हणजे तोटाच होय.

मूळचे नारायणगावचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांनी निर्यातबंदीविरोधात डिसेंबरअखेर शिवनेरीपासून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा काढला. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली. मात्र प्रतिटन ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्क लागू झाले. १३ मे रोजी मतदान होऊन कोल्हे पुन्हा विजयी झाले. पक्षफुटीसारखी अन्य कारणेही असल्याने हा केवळ कांद्याचा कौल मानता येत नाही. निर्यातशुल्क १ एप्रिल २०२५ रोजी पूर्णतः रद्द झाले. परंतु दरम्यान विकल्या गेलेल्या मालाचा भाव उत्पादकास परत मिळत नाही. धोरणातील ही अनिश्चितता हाच या प्रश्नाचा गाभा होय.