अपूर्ण बॅकअप-प्रतींची विल्हेवाट

बोलींच्या अभ्यासात ध्वनिमुद्रण हे मूळ साधन होय. ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट या प्रमाणाने केलेले एक तासाचे स्टिरिओ मुद्रण सुमारे १०३ कोटी ६८ लाख बाइट, म्हणजे एक गिगाबाइटहून किंचित अधिक जागा व्यापते. शंभर तासांच्या संग्रहास शंभर गिगाबाइटहून अधिक जागा लागते आणि त्याच्या राखीव प्रतीस, म्हणजे बॅकअपला, आणखी तितकीच. अशा वेळी डिस्क भरत आली की प्रथम दृष्टी जाते ती अर्धवट राहिलेल्या बॅकअप-फाइलींकडे. जे पुरे झाले नाही ते निरुपयोगी, ही समजूत त्यामागे असते. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण एखाद्या बोलीचा वृद्ध निवेदक निवर्तल्यावर त्याचे मुद्रण पुन्हा करता येत नाही.

वीज गेली, जाळ्याचा संबंध तुटला किंवा डिस्कवरील जागा संपली, म्हणजे बॅकअप मध्येच थांबतो. अपूर्ण प्रत पूर्ण म्हणून वापरली जाऊ नये यासाठी बहुतेक आज्ञावल्या तिला तात्पुरते नाव देतात आणि काम पुरे झाल्यावर खरे नाव देतात. मॅक संगणकावर २००७ साली आलेल्या ‘टाइम मशीन’ने पुढे बरीच वर्षे चालू बॅकअपच्या फोल्डरास दिनांकाबरोबर ‘इनप्रोग्रेस’ हे पद जोडण्याची रीत ठेवली होती. ‘आरसिंक’ ही आज्ञावली तात्पुरत्या फाइलीच्या नावाआधी टिंब आणि शेवटी सहा यादृच्छिक अक्षरे घालते. नाव हे येथे अवस्थेचे चिन्ह झाले.

परंतु हे चिन्ह सर्वत्र विश्वासार्ह नसते. आरसिंकला ‘पार्शल’ हा पर्याय दिला असेल, तर खंडित झालेली फाइल खऱ्या नावानेच मागे राहते. ती अपूर्ण आहे हे नावावरून कळत नाही. उलटपक्षी, या क्षणी व्यवस्थित चालू असलेला बॅकअपही तेच तात्पुरते नाव धारण करतो. म्हणून पुसण्यापूर्वी चालू प्रक्रियांची यादी पाहून बॅकअप खरोखर थांबला आहे याची खात्री करावी आणि त्याचे स्वयंचलित वेळापत्रकही तात्पुरते बंद ठेवावे.

दुसरा प्रश्न उपयुक्ततेचा. ‘बोर्ग’ या आज्ञावलीच्या १.x मालिकेत दीर्घ बॅकअप चालू असताना साधारण दर ३० मिनिटांनी एक टप्पा-प्रत नोंदली जाते. काम खंडित झाल्यास पुढील खेपेस आधी पोहोचलेले तुकडे पुन्हा पाठवावे लागत नाहीत. ही प्रत पुसून टाकणे म्हणजे झालेले श्रम वाया घालवणे होय. पुष्कळदा अपूर्ण बॅकअप पुसण्यापेक्षा तो पुरा करणे हेच हिताचे असते.

तिसरा प्रश्न जागेचा. फाइलीचे नाव आणि तिचा आशय या दोन भिन्न गोष्टी आहेत. अनेक फाइल-व्यवस्थांत एकाच आशयाला अनेक नावे असू शकतात. त्यांना ‘हार्ड लिंक’ म्हणतात. भाषेतील पर्यायी शब्दांप्रमाणे, एक नाव नाहीसे झाल्याने वस्तू नाहीशी होत नाही. शेवटचे नाव पुसले जाईपर्यंत आशयाने व्यापलेली जागा मोकळी होत नाही. जुन्या पद्धतीच्या टाइम मशीनमध्ये न बदललेल्या फाइली याच रीतीने एका बॅकअपकडून दुसऱ्याकडे जात. त्यामुळे शेकडो गिगाबाइट दिसणारा अपूर्ण फोल्डर पुसूनही प्रत्यक्षात थोडीच जागा हाती येणे शक्य असते. बोर्गच्या १.२ या आवृत्तीपासून प्रत पुसल्यानंतर ‘कॉम्पॅक्ट’ ही वेगळी आज्ञा दिल्यावाचून जागा सुटत नाही. या संग्रहातील तुकडे अनेक प्रतींच्या सामाईक मालकीचे असतात. ते हाताने पुसल्यास पूर्ण प्रतीही निकामी होऊ शकतात. म्हणून ज्या आज्ञावलीने बॅकअप केला, तिच्याच आज्ञेने तो काढावा.

साफसफाईतील चूक किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण क्योटो विद्यापीठात घडले. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील महासंगणकाच्या संचयातून सुमारे ७७ टेराबाइट आशय, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ४० लाख फाइली, पुसल्या गेल्या. १४ संशोधनगटांना त्याची झळ पोहोचली आणि त्यांपैकी ४ गटांचा आशय बॅकअपमधूनही परत मिळवता आला नाही. कारण क्षुल्लक होते. बॅकअपच्या आज्ञावलीत जुन्या नोंद-फाइली पुसण्याचे एक कलम होते. आज्ञावली चालू असतानाच तिची सुधारलेली आवृत्ती त्याच फाइलीवर लिहिली गेली. ‘बॅश’ आज्ञावली थोडी थोडी वाचत पुढे जाते. त्यामुळे मध्येच नवा मजकूर वाचला गेला. फोल्डरचे नाव जेथे हवे तेथे रिक्त जागा राहिली आणि पुसण्याची आज्ञा नोंदींऐवजी संशोधकांच्या फाइलींवर चालली. आज्ञा पाळली गेली. तिचा विषय मात्र हरवला होता.

यावरून विल्हेवाटीचा क्रम ठरतो. प्रथम, त्याच संग्रहाचा दुसरा, पूर्ण बॅकअप अस्तित्वात आहे हे सिद्ध करावे. केवळ त्याचे नाव पाहून भागत नाही; मूळ फाइलींची व प्रतीची एसएचए-२५६ पद्धतीची ६४ अंकाक्षरी ओळखखूण ताडून पाहावी, आणि काही मुद्रणे वेगळ्या जागी परत आणून ती आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावीत. नंतर काय पुसले जाणार याची यादी आधी छापून वाचावी आणि फोल्डरचे नाव संपूर्ण मार्गासह लिहावे. शक्य असेल तेथे लगेच पुसू नये. सुट्या फाइलींचे केवळ नाव बदलून, नवा बॅकअप पुरा होऊन पडताळला जाईपर्यंत त्या राखाव्यात. शेवटी, मोकळी जागा पुसण्यापूर्वी व नंतर मोजावी.

सारांश, अपूर्ण बॅकअप पुसणे सुरक्षित आहे की नाही, याचे उत्तर त्या अपूर्ण फाइलीत सापडत नाही. ते दुसऱ्या, पडताळलेल्या प्रतीत सापडते. अशी प्रत हाती नसेल आणि मूळ मुद्रणही बिघडले असेल, तर अर्धवट फाइलीत आलेले तासदोन तासांचे बोलणे हाच त्या बोलीचा उरलेला पुरावा ठरू शकतो. त्या स्थितीत फाइल पुसण्याचा विचार सोडून नवी डिस्क विकत घ्यावी.